सडलेल्या फ्लोअरवर नवा पत्रा चढवण्याविषयी खुलासा

जुन्या गाडीचा फ्लोअर सडला असेल, तर गंजावर रस्ट कन्व्हर्टर (गंज स्थिर करणारे रसायन) फासून वरून नवा पत्रा रिव्हेट केला की काम झाले, असा संदेश सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. कन्व्हर्टर पृष्ठभागावरचा गंज स्थिर करतो, गेलेले लोखंड परत आणत नाही, आणि दोन पत्र्यांच्या फटीत ओल साचून सडणे आतून चालूच राहते. असाच चढवलेला एक पत्रा मी उचलला, तेव्हा खालचा थर पापडासारखा चुरा होऊन हातात आला. मोनोकॉक गाडीत (जिला वेगळी चासी नसते, बॉडीच सांगाडा असते) फ्लोअर हा सांगाड्याचाच भाग असल्यामुळे, दाराच्या चौकटींना आधी आडवा आधार देऊन, निरोगी पत्रा लागेपर्यंत कापून, तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा वेल्ड करावा लागतो (सांध्यांवरचा, ओल रोखणारा सीलर हमखास विसरला जातो). कृपया तो संदेश पुढे पाठवू नये.