कात्रणाची मागची बाजू

गावाचा इतिहास म्हटलं की लोकांना ताम्रपट आठवतो. चिपळुणात हा इतिहास कपाटावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत असतो, कुणाच्या तरी आजोबांच्या कात्रणवहीत. वही म्हणजे जुनी जमाखर्चाची चोपडी. खाली कुणाची तरी उसनवारी, तिच्यावर डकवलेला कोयनेचा भूकंप.

आजोबा कात्रण फार मायेने कापतात. चौकोन सुबक, कडा सरळ, आणि त्या कडेबरोबर तारीख केराच्या टोपलीत! उरतं ते 'काल पहाटे भूकंपाचा तीव्र धक्का'. भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ला, पहाटे सव्वाचारच्या सुमारास. 'काल' म्हणणारा अंक १२चा. कुणीतरी समासात '१२' लिहून ठेवतं, स्मरणिकेत तेच छापून येतं आणि गावाचा भूकंप कायमचा एक दिवस उशिरा होतो. बातमीत 'सोमवारी' एवढाच धागा असेल तर २०२३चं कॅलेंडर काढावं. १९६७चे वार त्यात तंतोतंत जुळतात. तिथी मात्र बघू नयेत, एकादशी चुकेल.

वारही नसेल तर कात्रण उलटायचं. मागे सोन्याचा भाव असतो, सिनेमाचे खेळ असतात, आणि नशीब असेल तर जाहीर नोटीस, कारण नोटिशीत तारीख असतेच. तोटा इतकाच, की अर्ध्या तासाने आपल्याला कळतं, तारीख बाजूलाच राहिली आणि आपण कुणाची तरी भाऊबंदकी वाचत बसलोय. बरं, निम्मी नोटीस आजोबांच्या कात्रीने नेलेली.

पण उलटायला कात्रण सुटायला तर हवं! डकवणाऱ्यांचे तीन पंथ आहेत. मैद्याची खळवाले सज्जन: ओलसर टीपकागद दहाएक मिनिटं वर ठेवला की खळ मऊ पडते. आधी समासातली शाई ओल्या कापसाच्या टोकाने तपासावी, नाहीतर आजोबांचा शेरा निळ्या ढगात जातो. शिवाय खळ कसरीलाही आवडते, त्यामुळे बातमीतला मंत्री बरेचदा शिराविना सापडतो. चिकटपट्टीवाले दुसरे: पट्टी आपोआप गळते, तपकिरी डाग मात्र जन्माचा. पांढऱ्या गोंदवाल्यांपुढे हात जोडावेत. ओढलंत तर कागदाचे दोन पापुद्रे होतात, आणि दोन्हींवर निम्मी निम्मी अक्षरं. त्यापेक्षा पानामागून टॉर्च धरून फोटो घ्यावा आणि फोनमध्ये तो आरशासारखा उलटवावा; मागचा मजकूर बराचसा वाचता येतो.

काहीही सोडवण्याआधी अख्ख्या पानाचा फोटो हवाच. कशाशेजारी काय डकवलंय, हाही पुरावा असतो. खिडकीचा उजेड घ्यावा, फ्लॅश नको. स्कॅनरवर मजकुराला ३०० डीपीआय (इंचामागे ठिपके) पुरे, छायाचित्राला ६००. सुटलेल्या कात्रणामागे काळा कागद ठेवला की मागची अक्षरं पुढे डोकावत नाहीत. फाइलच्या नावात वर्ष आधी: १९६७-१२-१२. दिवस आधी लिहिला की सगळ्या वर्षांच्या बारा तारखा एका रांगेत येऊन बसतात. आणि गावाच्या ग्रुपवर पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नुसता फोटो टाकला तर अक्षरांच्या मुंग्या होतात. लोक न वाचताच 'अप्रतिम' म्हणतात, ही सोय आहेच.

लॅमिनेशन करू नका. वर्तमानपत्राचा कागद मुळात आम्लधर्मी. प्लॅस्टिकमध्येही तो पिवळा पडतच राहतो आणि मग बाहेर काढता येत नाही.

राहता राहिली चिपळूणची नदी, वाशिष्ठी. २२ जुलै २०२१च्या पुरात ती १८६४पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही शिरली, तिथे ट्रंकेची काय कथा! भिजलेली वही उघडू नये, उन्हात घालू नये. पानं आकसतात आणि एकमेकांना धरून बसतात. सावलीत, पंख्याखाली, पानं जिथे आपणहून सुटतील तिथे टीपकागद घालून ते बदलत राहायचं. ४८ तासांत बुरशी धरते. तेवढ्यात जमणार नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून वही थेट डीप फ्रीझरमध्ये, सवडीने वाळवण्यासाठी. पुरात वीज नसते, म्हणजे फ्रीझर उंचावरच्या पाहुण्यांचा, आणि भूकंप त्यांच्या कोळंबीशेजारी. पिशवीवर 'मासे नाहीत' असं ठळक लिहा. आणि तारीख घाला, या खेपेला तरी.