सहा धुराडी आणि नान्याची बाईक

नान्याने मोबाइल पुढे केला तेव्हाच बापूने चहाचा ग्लास कट्ट्यावर ठेवला. म्हणजे आता कोणाचं तरी काही खरं नव्हतं.

"वायकिंग! ब्रिटिश नौदलाची, ट्रायबल क्लासची! सहा धुराडी असलेली विनाशिका जगात दुसरी झाली नाही. वेग ३३ नॉट, आणि साल कुठलं? १९०९! अरे, साहेब तो साहेब." 'साहेब' म्हणताना नान्या अजूनही कमरेत किंचित वाकतो.

"धुराडी मोजून जहाज घेतोस का रे?" बापूची हयात गोदीत फिटर म्हणून गेलीय. "बारा जहाजं आणि एकाला एक जुळत नाही. नौदलाने वेग सांगितला, बाकी ज्या त्या बांधणाऱ्याने बघायचं. सुटे भाग काय तुझा सासरा पुरवणार?"

"सासऱ्याला मध्ये आणायचं नाही. वेग बघ, वेग!"

"वेग त्यांच्या नौदलप्रमुख फिशरला हवा होता, मिळाला त्याला. पण याच क्लासच्या आफ्रिदी आणि अमेझॉनचं माहितीये का? तेल भरायला जाऊन यायचं, सगळं मिळून तीन मैल. त्यासाठी नुसती वाफ धरायला प्रत्येकी साडेनऊ टन तेल गेलं."

"नान्याची बाईक!" शिऱ्या ओरडला.

झालं. विनाशिका राहिली बाजूला, खंडाळ्याचा घाट निघाला. पेट्रोल संपलेली ती बाईक मी ढकलली होती आणि नान्या वर बसून हँडल सांभाळत होता. पैसे अजून यायचेत.

नान्याने घाईघाईने त्याच क्लासच्या झुबियन जहाजाची गोष्ट काढली. "१९१६. ऑक्टोबरात न्यूबियनचं तोंड टॉर्पेडोने उडालं, नोव्हेंबरात झुलूची शेपूट सुरुंगाने. चॅटमच्या गोदीत दोघींचे उरलेले तुकडे जोडले आणि पुढच्या जूनमध्ये जहाज पुन्हा कामावर! आता बोल."

बापू चक्क गप्प झाला. मग म्हणाला, "याला मानलं. दोघींच्या रुंदीत साडेतीन इंचांचा फरक होता. पण तो जुळवणारा तुझा साहेब नव्हे, बाळा. हातात हातोडा असलेला गोदी कामगार होता."

यावर नान्याकडे उत्तर नव्हतं. शिऱ्याकडे होतं. "मग नान्याच्या बाईकचं पुढचं आणि माझ्या स्कूटरचं मागचं जोडूया की."

"जोडेन मी," बापू म्हणाला. "पेट्रोल कोण भरणार?"

सगळ्यांनी नान्याकडे पाहिलं. नान्याला नेमका तेव्हाच घरून फोन आला. "हो हो, निघालोच," म्हणत तो उठलासुद्धा. कानाला लावलेल्या मोबाइलवर सहा धुराडी तशीच दिसत होती.