पहिला पॅच कोण बघणार?

गेल्या गणपतीत सांगलीला गेले होते. रात्री आरती झाल्यावर भाचा आणि त्याचे तीन मित्र, सगळे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचे, ओपन सोर्सवरून, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरवरून, हमरीतुमरीवर आले. एकाचं म्हणणं, गूगलच्या समर ऑफ कोड या ओपन सोर्स कार्यक्रमात निवड झाली तर स्टायपेंड तरी मिळतो, नाहीतर फुकट राबायचं कशाला? दुसऱ्याला २०२०च्या ऑक्टोबरची लाज वाटत होती. तेव्हा हॅक्टोबरफेस्ट या महिनाभराच्या ओपन सोर्स उपक्रमाचा टी-शर्ट मिळवण्यासाठी पोरांनी दिसेल त्या प्रकल्पाच्या रीडमी, म्हणजे माहितीच्या, फायलीत एखादा शब्द घुसडून पाठवायचा सपाटा लावला होता, आणि आयोजकांना महिना सुरू होताच नियम बदलावे लागले. शेवटी माझ्याकडे बघून तो म्हणाला, "मावशी, तुमच्याकडे जर्मनीत लोक सेवाभावानं करतात ना?"

सेवाभाव! हॅम्बुर्गमध्ये चौदा वर्षं काढलीत म्हणून सांगते, तसं काही नसतं. मी सवडीनं लिबरऑफिसचं, म्हणजे मायक्रोसॉफ्ट ऑफिससारख्या एका ओपन सोर्स पॅकेजचं, थोडंफार काम करते. त्यातला अवघड कोड बहुतेक कोलाबोरासारख्या कंपन्यांतले पगारी लोक लिहितात. माझ्यासारखे हौशी येतात ते इथे संध्याकाळ मोकळी मिळते म्हणून. पाच वाजले की फायरआबेंड, म्हणजे काम संपलं, आता साहेबाचाही फोन येत नाही. पुण्यात दीड तास ट्रॅफिकमध्ये घालवून घरी पोचणाऱ्याला सेवाभावाचे धडे देणं मला तरी जमत नाही.

आणि तरीही इथल्या बैठकीला गेलं की चव्वेचाळिसाव्या वर्षी मीच त्यातल्या त्यात तरुण! कोडही वयस्कच. १९८५मध्ये मार्को ब्यॉरिस या शाळकरी वयाच्या मुलानं जवळच्या ल्यूनेबुर्गला स्टार डिव्हिजन ही कंपनी काढली, त्यांच्या ऑफिस पॅकेजचा हा वंशज. १९९९मध्ये सन या अमेरिकन संगणक कंपनीनं ती घेतली, २०००मध्ये कोड खुला केला, आणि सन ओरॅकलकडे गेल्यावर २०१०मध्ये स्वयंसेवकांनी लिबरऑफिस नावानं वेगळी चूल मांडली. आज शेजारचं श्लेस्विग-होल्स्टाइन राज्य आपले सुमारे ३०,००० सरकारी संगणक यावर आणतंय. तेव्हा पुढची पिढी कुठून येणार, ही चिंता नुसत्या हौशी मंडळींची राहिलेली नाही.

वेगळं झाल्यावर एक गोष्ट मात्र त्यांनी फार हुशारीनं केली. कोडमध्ये जागोजागी जुन्या जर्मन कॉमेंट्स, म्हणजे कोड समजावणाऱ्या टिपा, होत्या, बाहेरच्याला काही कळायचं नाही. त्यांचं इंग्रजी करायचं काम नवख्यांसाठी राखून ठेवलं. सी प्लस प्लस जेमतेम येणाऱ्यालाही ते झेपायचं, आणि ते करताना पॅच, म्हणजे कोडमधला आपला बदल, कसा पाठवायचा, कुठे तपासला जातो हे आपोआप अंगवळणी पडायचं. काम क्षुल्लक, पण खरं. रीडमीत शब्द घुसडणाऱ्या पोरांनाही असलं काही हातात मिळालं असतं तर? सगळी नाही, पण दहातली दोन टिकली असती, असं मला वाटतं.

भाच्याला मी 'ईझी हॅक्स' या नवख्यांसाठीच्या सोप्या कामांच्या यादीतलं एक काम दिलं. त्याच्या आठ जीबीच्या लॅपटॉपवर पहिला बिल्ड (सगळ्या कोडमधून प्रोग्रॅम तयार करणं) रात्रभर चालला आणि पहाटे वीज गेली. दुसऱ्या रात्री पुन्हा. मग यापुढचं आपलं योगदान अमुक लायसन्सखाली वापरता येईल, असं लिहून देणारी मेल पाठवायची होती. "यावर बाबांची सही लागेल का?" त्यानं गंभीरपणे विचारलं. पॅच गेला. दुसऱ्याच दिवशी एका अनोळखी माणसाचं उत्तर आलं: तिसऱ्या ओळीत एक स्पेस जास्त आहे, बाकी छान. पोरगं त्या 'छान'वर आठवडाभर खूश होतं. स्टायपेंडचं नावही निघालं नाही.

उत्तर तीन आठवड्यांनी आलं असतं तर तो गेला असता, आणि आम्ही बैठकीत 'हल्लीच्या मुलांना चिकाटी नाही' म्हणत कॉफी प्यायलो असतो. तपासणारी माणसं मोजकी आणि थकलेली, हे खरंय. पण निधी आला की तो नव्या फीचरवर जातो. नवख्याचा पॅच बघण्यासाठी कुणाला पगार द्यावा, हे पटवताना मात्र घसा कोरडा पडतो.

माझंही काही वेगळं नाही. एका नवख्या मुलीचा पॅच अकरा दिवसांपासून माझ्या नावावर पडून आहे. रविवारी नक्की बघते म्हणाले होते. तो रविवार गेला.