छपरावर सोलर, हातात कालनिर्णय

दुपारी सव्वादोनला लाईट गेली. आता चार वाजत आलेत, अजून पत्ता नाही. फोन 31 टक्के आहे, तो मरायच्या आत लिहून टाकते, त्यामुळे शुद्धलेखन बघू नका आणि टीचर असून असं लिहिते म्हणून खाली शहाणपणाही नको.

लाईट गेली यात नवीन काय, म्हणाल. काहीच नाही. पण पंखा शेवटच्या दोन गिरक्या घेत होता तेव्हा माझ्या हातात फोन होता आणि स्टाफच्या ग्रुपवर आलेला व्हिडिओ चालू होता. मागे ढोल-ताशे, आणि एक बाबा छाती फुगवून सांगतोय की देशातली निम्मी वीजक्षमता आता कोळसा-गॅस सोडून, 2030 चं टार्गेट आपण 2025 मध्येच मारलं. पंखा थांबला तरी हा थांबेना. आतल्या खोलीतून आईने खिळ्यावरचं गेल्या वर्षीचं कालनिर्णय काढलं, चौघडी घातली आणि वारा घेत विचारलं, "काय गो, तुझा सूर्य मावळला वाटतं?"

बाहेर गोव्यातलं मे महिन्याचं ऊन. गच्चीवर पाय ठेवला तर पोळेल असं. आणि त्याच गच्चीवर आमचं तीन किलोवॉटचं सोलर, निळंशार, आईनेच सकाळी जुन्या लुगड्याने पुसलेलं.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, कारण मलाही कोणी सांगितलं नव्हतं. आपण घेतो ते साधं सोलर, बॅटरीविना, लाईनीला जोडलेलं. लाईनीत करंट असेल तरच ते चालतं. लाईट गेली की तेही बंद, डोक्यावर बारा सूर्य तळपत असले तरी. पॅनल बसवणाऱ्याने अठ्ठ्याहत्तर हजार सबसिडी अठ्ठ्याहत्तर वेळा सांगितली (तीस, तीस आणि तिसऱ्या किलोवॉटला अठरा, मला पाठ आहे), पंचवीस वर्षांची वॉरंटी सांगितली, बिल शून्य येईल सांगितलं. लाईट गेली की हेही बंद, हे एक वाक्य तेवढं पोटात ठेवलं. मग पहिल्याच उन्हाळ्यात लाईट गेली तेव्हा शेजारच्या काकी कुंपणापाशी येऊन, "तुमच्याकडे आहे ना गो? आमचा फ्रीज जरा तुमच्याकडे लावू?" मी काय बोलणार. आई हातातल्या कालनिर्णयामागे तोंड लपवून हसत होती. जागा आधी तिचीच ना. सोलं, साटं, पापड सगळं तिथे वाळत असायचं, आता पॅनलच्या कडेकडेने दोन हात पट्टी उरलीय तिला.

तर त्या पहिल्या वेळची गोष्ट. ही मी इथे आधीही अर्धवट लिहिली असेन. लाईट कशाने गेली होती? माडाचं चुडत, म्हणजे झावळी, तारेवर पडलं. बास. एक वाळलेलं चुडत आणि अख्खा वाडा, म्हणजे आमची वस्ती, अंधारात. आमच्याकडे तार उघडी आहे, दोन्ही बाजूंनी भाट, माडांची बाग, माड काय तारेला विचारून चुडत टाकतो? तीन तासांनी लाईनमन आला. पोरगा, माझ्या जुन्या विद्यार्थ्याच्या वयाचा. तोपर्यंत मी इतकी तापले होते की गेटवरच त्याला धरला. एवढे पैसे घातले, फॉर्म भरले, मीटरसाठी साडेतीन महिने ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या, आणि ऊन असताना आम्ही घामात बसायचं? काय उपयोग ह्या सोलरचा? त्याने शिडी खांबाला टेकवली, एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला, आणि मागे न बघताच म्हणाला, "वयर हांव आसतां, बाय."

वर मी असतो.

मला कळायला दोन मिनिटं लागली. मी शाळेत विज्ञान शिकवते हो. प्रायमरी कॉइल, सेकंडरी कॉइल, दरवर्षी फळ्यावर काढते, रंगीत खडूने. माझं सोलर लाईट गेल्यावर चालू राहिलं तर ते 230 व्होल्ट घरातून उलटे लाईनीत जाणार, तिथून ट्रान्सफॉर्मरमध्ये उलटे, आणि पलीकडच्या तारेवर 11 हजार होऊन निघणार. जी तार मेलेली आहे म्हणून तो हात घालतोय त्या तारेवर. म्हणून सोलरचा इन्व्हर्टर, पॅनलची वीज घरच्या विजेत बदलणारा तो डबा, स्वतःहून बंद पडतो. फळ्यावर इतकी वर्षं काढलं आणि एकदाही खांबावर माणूस काढला नाही.

त्याच्या उजव्या हातात रबरी मोजा होता. डाव्या हातातल्या मोज्याच्या अंगठ्याला काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. मी बघतेय हे त्याने बघितलं आणि हात मागे घेतला.

तेव्हापासून मला हे हरित ऊर्जेचे व्हिडिओ आले की तो टेपवाला अंगठा दिसतो. म्हणून आज सटकलीय.

आता आकड्यांचं बोलू. निम्मी क्षमता म्हणजे काय, तर उभी केलेली मशिनं मोजली. प्रत्यक्ष युनिटं मोजा, अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास कोळसाच जळतोय. ऊन संध्याकाळी जातं, आणि आपण सगळे एसी, गिझर, मिक्सर सातनंतर लावतो. बरं, गोव्यात तर आपलं म्हणावं असं मोठं वीज केंद्रच नाही. आपली वीज येते कोरबा, विंध्याचलच्या कोळशाच्या केंद्रांतून, छत्तीसगड-मध्य प्रदेशातून, तारांवरून घाट उतरून. तिथली राख तिथल्या लोकांच्या अंगणात आणि इथे आपला एसी चोवीसवर. हे लिहिताना मलाच लाज वाटतेय, कारण 2020 मध्ये मीही मोलेंचं जंगल वाचवा म्हणून पोस्टवर पोस्ट टाकत होते. ते चुकीचं होतं असं अजिबात म्हणत नाही! रेल्वेचा दुसरा रूळ, हायवे, 400 केव्हीची विजेची लाईन, तिन्ही एकाच जंगलातून, आणि चांदर गावात लोक रात्रभर रुळांवर जाऊन बसले ते बरोबरच बसले. पुढे सुप्रीम कोर्टाच्या समितीने 2021 मध्ये सांगितलंच ना, की नवीन जंगल कापू नका, जुन्या 220 केव्हीच्या लाईनीचा पट्टा आहे तोच वापरा. पण त्या प्रकल्पाचं नाव काय होतं आठवा. गोवा-तमनार. तमनार कुठे आहे हे आपल्यातल्या किती जणांनी नकाशात बघितलं? मी नव्हतं बघितलं. छत्तीसगडात, रायगढ जिल्ह्यात, कोळशाच्या खाणींच्या मध्ये. आपलं जंगल वाचलं पाहिजे, नक्की वाचलं पाहिजे, पण त्यांच्याकडेही जंगलच होतं की.

असो. फोन 22.

दुसरा राग सुधारणा ह्या शब्दाचा. 2003 चा वीज कायदा झाला तेव्हापासून सुधारणाच चालू आहेत. 2022 मध्ये दुरुस्ती विधेयक आलं, संसदेच्या स्थायी समितीकडे जाऊन बसलं, 2025 मध्ये पुन्हा नवीन मसुदा. कल्पना अशी की तारा-खांब एकच, पण त्यावरून वीज विकणाऱ्या कंपन्या दोन-तीन, मोबाईलसारखं, आवडेल तिची घ्या. ऐकायला छान. आमच्या खांबावर आत्ताच केबल टीव्ही आहे, इंटरनेटच्या तीन वायरी आहेत, गेल्या चतुर्थीचं तोरण आहे आणि कावळ्याचं घरटं आहे. आता त्यात दोन कंपन्या. चुडत पडलं की फोन कोणाला करायचा ते आधी सांगा. आणि तो खांबावर चढणारा कोणाचा? ह्याचा की त्याचा? का कोणाचाच नाही, आजच्यासारखा कंत्राटावर?

आमचे एक नातलग दमणला असतात. दमण म्हणजे 1987 पर्यंत आपल्याच संघप्रदेशातलं. तिथलं वितरण 2022 मध्ये खासगी कंपनीकडे गेलं, चंदीगडचं 2025 मध्ये. आपल्याकडे अजून सरकारी खातंच आहे. ते नातलग फोनवर ऐकवतात, आमच्याकडे लाईट जात नाही हो आता. नसेल जात. मान्य. मी काही सरकारी ते सगळं सोनं म्हणणारी नाही, साडेतीन महिने मीच खेपा घातल्यात. पण 2021 च्या मे मध्ये तौक्ते वादळ आलं, आमच्याकडे पाच दिवस काळोख, विहिरीचा पंप बंद, तेव्हा भर पावसात करवत घेऊन फणस कापणारी माणसं कोणत्याही व्हिडिओत नव्हती आणि कोणत्याही मसुद्यात नाहीत.

आणि हो, माझं बिल कमी झालंय. लपवत नाही. चांगल्या उन्हात दिवसाला बारा-तेरा युनिटं पडतात, जुलैत चार पडली तरी नमस्कार. उन्हाळ्याचे तीन महिने बिल बघून आई दोनदा चष्मा पुसते. सोलर लावू नका असं मी कोणालाही सांगणार नाही, लावा. बॅटरीवालं परवडत असेल तर ते लावा, ते लाईट गेली की घराला लाईनीपासून तोडतं आणि घरापुरतं चालतं. मला नाही परवडलं. वाड्यावर निम्म्या घरांना तर साधंही परवडत नाही, कौलं आहेत, वर माडाची सावली, सोलर लावणार कुठे?

मला कळत नाही ते इतकंच की छपराला अठ्ठ्याहत्तर हजार आहेत तर त्या छपरापर्यंत येणाऱ्या तारेला का नाहीत. उघडी तार काढून एबी केबल टाका ना, ती वरून कव्हर असलेली, एकत्र पिळलेली, चुडत पडलं तर पडून राहील वर, लाईट जाणार नाही. काही ठिकाणी टाकलीय, जमिनीखालूनही टाकतायत, दिसतं मला, रस्ते खणून ठेवलेत त्यावरून कळतंच. पण ते आधी बीचच्या बाजूला. आमच्या वाड्यावर कधी? ट्रान्सफॉर्मरपाशी एक मोठी बॅटरी ठेवा सगळ्या वाड्याची, दुपारचं आमचं सोलर तिच्यात जाऊ दे, संध्याकाळी काकींचा फ्रीज त्यावर चालू दे, आमच्या छपराचं ऊन काकींना मिळालं तर मला आनंदच आहे, कुंपणापाशी टोमणे तरी बंद होतील. आणि त्या पोराला दोन मोजे. दोन! गिगावॉट पाचशे करा, हजार करा, मोजे दोनच लागतात एका माणसाला.

जास्तच बोलले का. आई म्हणतेय कोणावर एवढी टकटक चाललीय फोनवर. सांगितलं तर म्हणाली, "त्यापेक्षा बाहेर जाऊन बघ, तो आलाय." बघितलं. खरंच आलाय. तोच. आज चुडत नाही, डीओ, म्हणजे खांबावरचा फ्यूज, उडालाय म्हणे. थोडा जाड झालाय, लग्न झालंय त्याचं, आईला सगळं माहीत असतं. लांब काठीने एबी स्विच, लाईन तोडणारा, खाली ओढला, दोनदा वर बघितलं, मग तारांवर अर्थिंगची साखळी अडकवली. शिडी लावायच्या आधी त्याने आमच्या गच्चीकडे मान वळवून विचारलं, बंद आहे ना? मी म्हटलं आहे, आणि तरी आत जाऊन सोलरचा मेन स्विच हाताने खाली पाडला. आपोआप बंद होतं हे मला माहीत आहे, पण तरी.

अंगठा बघायचा प्रयत्न केला. इथून दिसत नाही.

फोन 14. काकी कुंपणापाशी आल्यात, आज फ्रीजचं काही बोलल्या नाहीत, त्याही मान वर करून त्याच्याकडेच बघतायत. आईने कालनिर्णय परत खिळ्याला लावलं आणि कोकम सरबताचा तांब्या भरतेय, ग्लास एकच घेतलाय, मोठा.

...आली लाईट. सोलरला अजून पाच मिनिटं आहेत, लाईन नीट आली की नाही हे तो इन्व्हर्टर आधी बघून घेतो, लाल दिवा लुकलुकतोय. तो उतरतोय शिडीवरून. फोन चार्जिंगला लावते आणि बाहेर जाते.