‘मालिका कुणीही लिहू शकतं’ हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांना

‘टीव्ही मालिकांचं कडवं सत्य’ या मथळ्याचा एक मेसेज सध्या फिरतोय. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग कॉलेज रोडच्या मित्रांच्या ग्रुपवर आला. तोवर मी दुर्लक्ष केलं. पण आमच्या दाजींनी तो माझ्या भाचीला वेगळा पाठवला आणि खाली लिहिलं, ‘नीट वाच आणि विचार कर.’ ही पोरगी एकांकिका लिहिते. राज्य नाट्य स्पर्धा आली की साईखेडकर नाट्यगृहात पडीक असते. तिला मुंबईतल्या एका दैनंदिन मालिकेच्या संवादांसाठी विचारणा झाली आहे. मेसेज वाचून मला फोनवर म्हणते, “मामा, असंच असेल तर नकोच ना.” मी स्वतः नाशिकमध्ये बसून काही काळ एका मालिकेचे संवाद लिहिले आहेत. त्यामुळे आता गप्प राहणं मला जमणार नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: मालिकेला लेखक लागत नाही, चॅनल सांगेल ते टाइप करणारा लागतो. मालिका नटांच्या चेहऱ्यावर चालते. घरातल्या बायका काहीही दाखवलं तरी बघतात. मालिका लांबली की सडतेच, त्याला कुणी जबाबदार नसतं. आणि लवकरच हे सगळं एआय लिहील, तेव्हा पोरांना या धंद्यात घालू नका.

चेहऱ्याचा मुद्दा आधी संपवतो, कारण त्यात फार काही नाही. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मधला मिहीर आधी अमर उपाध्याय होता, मग इंदर कुमार आला, मग रोनित रॉय. चेहरे तीन झाले आणि मालिका २००० ते २००८ चालली. लोक सुरुवातीला कुरकुरतात. पण माणूस तोच वाटला, त्याचं वागणं-बोलणं तेच राहिलं, तर पंधरा दिवसांत नवा चेहरा पचवतात. वागणं-बोलणं कुठून येतं? कागदावरून.

‘बायका काहीही बघतात’ या वाक्याचा मला खरा राग आहे. दिवसभर राबून संध्याकाळी अर्धा तास बसणाऱ्या बाईला अक्कल नाही, असं यात धरून चाललेलं आहे. ‘हम लोग’चं उदाहरण घ्या. ७ जुलै १९८४ला दूरदर्शनवर सुरू झालेली ही आपल्याकडची पहिली मोठी मालिका. मेक्सिकोत मालिकांमधून लोकशिक्षण होतं ते पाहून हा घाट घातला होता आणि कुटुंबनियोजनाचा संदेश पोचवणं हा मूळ हेतू होता. पहिल्या तेरा भागांत उपदेश इतका झाला की लोक कंटाळले. लक्षात घ्या, तेव्हा बहुतेक घरांत दूरदर्शन सोडून दुसरं चॅनलच नव्हतं! तरीही प्रेक्षकांनी ते नाकारलं. मग लेखक मनोहर श्याम जोशींनी उपदेश मागे सारला, घरातली माणसं आणि त्यांची भांडणं पुढे आणली, आणि तीच मालिका एकूण सतरा महिने चालली. चॅनल तेच, घर तेच, पात्रंही तीच. बदललं ते लिखाण. पर्याय नसतानाही ज्यांनी वाईट लिखाण ओळखलं, त्यांच्या लेकीसुना हातात रिमोट असताना काहीही बघतील, हे कुणी सांगितलं?

आता तो ‘टायपिस्ट’चा मुद्दा. सगळ्यात जास्त नुकसान हाच करतो, कारण लिहू पाहणाऱ्या पोरांना नेमका हाच खरा वाटतो.

यात अर्धं सत्य आहे, ते मी नाइलाजाने मान्य करतो. चॅनलचा हस्तक्षेप असतो आणि बराच असतो. दर गुरुवारी ‘बार्क’चे, म्हणजे कुठली मालिका किती लोक बघतात ते मोजणाऱ्या संस्थेचे, आकडे येतात आणि शुक्रवारी ठरलेला ट्रॅक, म्हणजे कथेचा चालू धागा, गुंडाळला जातो, हे मी सोसलं आहे. ‘नायिकेला अजून रडवा’ अशा सूचना खरोखर येतात. पण सूचना आणि भाग यांच्या मध्ये एक माणूस बसलेला असतो. श्रेयनामावलीत त्याचं नाव ‘कथा’खाली येतं की ‘पटकथा’खाली, हा भाग वेगळा. पुढच्या महिन्याचा ट्रॅक तो ठरवतो, त्याच्या वन-लाइन, म्हणजे कुठल्या भागात काय घडणार याचे थोडक्यात आराखडे, पाडतो, चॅनलशी भांडतो, आणि आमच्यासारख्या संवादलेखकांनी लिहिलेलं शेवटी त्याच्याच हाताखालून जातं. हा मुख्य लेखक. मालिका बरी की वाईट, हे तिथे ठरतं.

आमच्या मालिकेत एक आत्या होती. कंजूष, तोंडाने फटकळ, भाजीवाल्याशी दोन रुपयांवरून हुज्जत घालणारी. चॅनलकडून निरोप आला: पुतण्या अडचणीत आहे, आत्या त्याला पाच लाख देते, दोघं गळ्यात पडून रडतात. मी तसं लिहून मोकळा झालो. रात्री मुख्य लेखकाचा फोन आला. “अहो, ही बाई दीडशे भाग पै-पैचा हिशेब ठेवतेय. पैसे देईल ती, पण कागद करून घेईल.” सीन पुन्हा लिहिला. आत्या पुतण्याला समोर बसवते, वहीचं पान फाडते, त्याच्याकडून ‘उसने घेतले’ असं लिहून घेते. व्याजाची जागा कोरी सोडायला सांगते. नोटा दोनदा मोजते. कागदाची घडी पोस्टाच्या पासबुकात ठेवते आणि म्हणते, “जेवून जा.” रडणं नाही, मिठी नाही. चॅनलला हवा तो प्रसंग मिळाला आणि आत्याही आत्याच राहिली. शिवाय त्या कोऱ्या जागेतून आम्हाला पुढची गोष्ट सापडली: पुतण्याच्या बायकोच्या हाती तो कागद लागतो, आणि आपला नवरा आत्याच्या उपकाराखाली आहे हे तिला कळतं.

पुढे तो लेखक मालिका सोडून गेला. जागी आलेल्याने मागचे भाग पाहिलेच नव्हते. थोड्याच दिवसांत आत्या घराचे कागद चोरणारी खलनायिका झाली. चॅनल तेच, नटी तीच, संवाद लिहिणारे आम्हीही तेच. पंचवटीत राहणारी माझी मावशी रोज मालिका बघायची. ती एवढंच म्हणाली, “ही आत्या असं करणारच नाही.” दुसऱ्या आठवड्यात तिने बघणं बंद केलं. लेखकाने काही फरक पडत नसेल, तर हे कशामुळे घडलं?

मावशीचं हे वाक्य अमेरिकेतल्या एका माणसाने नियम म्हणून लिहून ठेवलं आहे. डग्लस मार्लंड. तिकडे ‘हेड रायटर’ हे अधिकृत पद असतं आणि त्याच्या हाताखाली लेखकांची फळी असते. १९५६ साली सुरू झालेली ‘अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स’ ही मालिका मार्लंडने १९८५मध्ये हाती घेतली आणि १९९३मध्ये वारला तोपर्यंत लिहिली. चालती मालिका बिघडवायची नसेल तर काय करावं, याची त्याने एक यादी केली होती. मालिका बघा. तिचा इतिहास शिका. प्रेक्षकांची पत्रं वाचा, कारण तुम्हाला न आवडणारं पात्र त्यांचं लाडकं असू शकतं. लेखकांशी आणि नटांशी बोला. नवं पात्र हळूहळू उभं करा, त्याची जुन्या पात्रांशी सांगड घाला, कारण ते मनात रुजायला सहा महिने ते वर्ष लागतं. आल्या आल्या सहा महिने कुणाला काढू नका. आणि मुख्य पात्राचा स्वभाव बदलू नका. बदलायचाच तर त्याला पटेल असं कारण द्या. ‘हा असं कधीच करणार नाही’ असं प्रेक्षक म्हणाले, की तुम्ही हरलात.

या यादीत टाइप करण्याबद्दल एक शब्द नाही. सगळं लक्षात ठेवण्याबद्दल आणि ऐकण्याबद्दल आहे. आमच्या त्या नव्या लेखकाने पहिल्या दोन गोष्टी जरी केल्या असत्या, तरी आत्या वाचली असती.

मालिका लांबली की सडतेच, हेही याच अंगाने खोटं आहे. आपल्याकडे तसं वारंवार होतं, हे कबूल. आठवड्याला सहा भाग, म्हणजे वर्षाला तीनशेच्या वर. गोष्ट संपलेली असते आणि जाहिराती येत असतात म्हणून लीप घेतात, म्हणजे गोष्ट एकदम काही वर्षं पुढे नेतात, मेलेला परत येतो, तसाच दिसणारा दुसरा येतो. पण हा लांबीचा दोष असता तर ‘द यंग अँड द रेस्टलेस’चं काय सांगाल? १९७३ साली विल्यम बेलने आपल्या बायकोबरोबर ती सुरू केली आणि पंचवीस वर्षं, १९९८पर्यंत, मुख्य लेखक तोच राहिला. तिथल्या दुपारच्या मालिकांत ती पहिल्या क्रमांकावर पोचली १९८८मध्ये, म्हणजे पंधरा वर्षं चालून झाल्यावर! आपल्याकडे पंधरा वर्षांत लेखक किती बदलतात, ते श्रेयनामावली बघून कुणीही मोजावं. लांबी हा धोका आहेच. पण मागचं सगळं डोक्यात असणारा माणूस टिकवला, तर तीच लांबी कामाला येते. बाराशेव्या भागातला एक टोमणा तिसऱ्या भागातल्या अपमानाचा असू शकतो. ही चैन दोन तासांच्या नाटकाला परवडत नाही.

एआयबद्दल फार लिहीत नाही. वन-लाइन पाडायला, जुने भाग शोधायला त्याचा उपयोग होईल, होऊ दे. पण अमेरिकेतले लेखक २०२३ साली १४८ दिवस संपावर होते, त्यात हाही एक मोठा मुद्दा होता. करारात शेवटी लिहिलं गेलं की एआयला लेखक मानता येणार नाही आणि ते वापरायची सक्ती लेखकावर करता येणार नाही. लेखक नुसता टायपिस्ट असता, तर स्टुडिओंनी यावर सही कशाला केली असती?

राहता राहिलं ‘पोरांना या धंद्यात घालू नका’. पैसे भागाच्या हिशेबाने मिळतात आणि हातात यायला तीन-तीन महिने लागतात, मालिका एका आठवड्याच्या सूचनेवर बंद होते, रात्री अकराला सीन मागतात. दाजींची काळजी एवढ्यापुरती रास्त आहे आणि त्यावर बोलायला मी कधीही तयार आहे. पण जायचं की नाही हे या मेसेजवरून ठरवू नका. आधी मुंबईला फोन करून तीन गोष्टी विचारा: मुख्य लेखक कोण आहे, तो या मालिकेवर किती दिवस आहे, आणि संवाद लिहिणाऱ्याला त्याच्याशी थेट बोलता येतं की सगळे निरोप मधल्या माणसाकडून येतात. तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली, तर ती मालिका सोडा आणि दुसरी बघा.