दाजी, धोंडे आणि 5 अँपिअर

2018 साली अधिक महिना ज्येष्ठात आला, म्हणजे ऐन मे महिन्यात. पंचांग करणाऱ्यांनी परभणीचं ऊन पाहिलेलं नसावं. अधिक महिना आला की जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, 33 अनारशांचं वाण द्यायचं. आमचे दाजी पुण्याचे. म्हणजे मूळचे गंगाखेडचेच, पण पंधरा वर्षं पुण्यात काढल्यापासून त्यांना परभणीत गरम व्हायला लागलं होतं.

म्हणून बैठकीत दोन कूलर लावले. सकाळीच गॅस संपला. पाहुणे घरात आल्याशिवाय सिलिंडर संपत नाही, हे तर ठरलेलंच. आईनं माळ्यावरची इलेक्ट्रिक शेगडी काढली. स्वयंपाकघरातला मोठा प्लग फ्रिजच्या मागं अडकलेला, मग मोठी पिन छोट्या भोकात बसवायचा जुगाड लावून शेगडी बैठकीतच मांडली. अनारसे तळायला सुरुवात झाली. तेवढ्यात ताईनं दाजींचा सदरा इस्त्रीला घेतला. टप्प!

लाईट गेली की आमच्याकडं आधी शेजारी बघतात. त्यांचीही गेली असेल तर जिवाला बरं वाटतं. शेजाऱ्यांचा पंखा गरागरा फिरत होता. म्हणजे फ्यूज.

मी स्टुलावर चढून मीटरखालचं किटकॅट उपसलं. चिनी मातीचा पांढरा ठोकळा, दोन पितळी जिभा आणि मधली तार गायब. तिच्या जागी काळा डाग. तार आणायला दुकानात गेलो.

"किती अँपिअरची देऊ?"

"चांगली द्या."

"चांगली म्हंजे?"

"जाड. घर मोठंय आमचं. 30 ची असली तर बघा."

दुकानदारानं चष्म्यावरून पाहिलं. "वायरिंग किती एमएमचं हाय?"

तारेचा न् वायरिंगचा काय संबंध, हे मला कळेना. वायरिंग 1986 चं आहे एवढंच मला ठाऊक होतं, तेवढं सांगितलं. त्यानं न बोलता 5 अँपिअरची तार तोडून दिली. केसासारखी. जाडी म्हणे 0.2 मिलिमीटर. मुलगी बघायला गेल्यावर धाकटी दाखवावी तसं वाटलं मला.

घरी येऊन बसवली. सगळं पुन्हा सुरू केलं. पाच अनारसेही निघाले नसतील, टप्प.

आता मात्र माझी खात्री पटली, की दुकानदारानं मला फसवलं. सारखा उडतो तो कसला फ्यूज? टिकणारी वस्तू पाहिजे! जुन्या टेबलफॅनची वायर सोलली, आतल्या तांब्याच्या चार तारा काढल्या, वेणीसारख्या पिळल्या आणि बसवल्या. 'बनी तो बनी, नहीं तो परभनी' म्हणतात ते आमच्याच गावावरून. आणि बनी! शेगडी लाल झाली, इस्त्री तापली, दोन्ही कूलर घरघरू लागले. फ्यूज जागचा हलला नाही. वडील म्हणाले, "जमलं की रे तुला." असं ते मला दहावीच्या निकालालाही म्हणाले नव्हते.

अर्ध्या तासानं दाजी ताटावर बसले. पहिला धोंडा मोडला, वर तूप घेतलं आणि हात थांबला.

"काहीतरी जळायलंय."

"अनारसा लागला असंल," आई म्हणाली.

"अनारशाला प्लास्टिकचा वास येत नाही, आई."

सगळ्यांनी वर पाहिलं. लाकडी बोर्डाच्या कडेनं धुराची बारीक रेघ निघाली होती. दाजी तुपाचा हात तसाच घेऊन उठले. आईनं "हात धुवून, हात धुवून" असा ओरडा केला. कशासाठी ते तिलाच माहीत, पण बरं झालं. दाजींनी आधी कोरड्या पंचानं हात पुसले आणि मग मेन स्विच खाली ओढला.

वायरमन मामा दुपारी आले. बोर्ड उघडून माझी वेणी चिमटीत धरून त्यांनी उजेडात पाहिली.

"कुणाची कला?"

मी गप्प. वडिलांनी बोट दाखवलं.

"काय करता तुमी?"

"पतसंस्थेत असतो. व्याज काढतो."

"मंग भागाकार येत असंल. शेगडी 2000 वॅटची. त्याला घरच्या 230 व्होल्टनं भागा, अँपिअर निघतील."

"8.7."

"इस्त्री 1000 ची. 4.3 झाले. कूलर 200 चे दोन, ते पावणेदोन धरा. किती झालं?"

"14.7."

"आन् ही वायर हाय 1 स्क्वेअर एमएमची. ती दहाच्या आसपास दमती, त्यात हे ऊन. फ्यूज घराला नसतो भाऊ, वायरीला असतो. वायर तापायच्या आधी तार वितळली पायजे. तुमी तार मजबूत केली, मंग वायरीनंच फ्यूजचं काम केलं."

मी विचारलं, मग 5 ची तार 5 ला का उडाली नाही, पाच अनारसे तरी कशी टिकली? हा प्रश्न विचारल्याचं मला आजही बरं वाटतं, कारण मामा पहिल्यांदा माझ्याकडं माणूस म्हणून बघायला लागले. 5 म्हणजे कायम सोसायचा आकडा, म्हणाले; किटकॅटातली तार वितळायला जवळजवळ दुप्पट करंट लागतो. मोटर चालू होताना क्षणभर पाच-सहा पट ओढती, तेवढ्याला उडाली तर कूलर कधी लागायचाच नाही. वापर किती ते बघायचं, त्याच्या वरचा आकडा घ्यायचा, पण वायर सोसंल त्याच्या खालीच. शेगडीला वेगळी अडीच एमएमची लाईन पायजे.

जाता जाता त्यांना न्यूट्रलवरही, म्हणजे करंट परत जायच्या वायरीवरही, एक किटकॅट सापडलं. ते त्यांनी काढून टाकलं. तो एकटा उडाला तर दिवा बंद दिसतो, पण वायरीला हात लावला तर झटका बसतोच, म्हणाले. आमच्या घरात 32 वर्षं तसंच चाललेलं. मामांनी तीन धोंडे खाल्ले, पैसे घेतले नाहीत. आईनं वाणातले दोन अनारसे त्यांना दिले आणि पुढं आठवडाभर 31 चं वाण चालतं का ते गुरुजींना विचारत राहिली.

दिवाळीनंतर नवीन वायरिंग झालं, एमसीबी, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणारे स्विच, लागले. जळकं किटकॅट वडिलांनी टीव्हीवर ठेवलंय. पाहुणे आले की दाखवतात.

2023 मध्ये अधिक श्रावण आला. दाजी आले, पाय धुतले, ताटावर बसले. गॅस होता. इस्त्री बंद होती. पहिला धोंडा मोडला आणि लाईट गेली.

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी ओरडून सांगत होतो, अख्ख्या गल्लीची गेलीय म्हणून. दाजी मात्र पंचाला हात पुसत उठून उभे राहिले होते.