दुबईला बुलेट नेण्याच्या मेसेजबद्दल खुलासा

'एमएच-०९ ची गाडी आहे, आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढा आणि नोकरीसाठी दुबईला जाताना बुलेट घेऊन जा,' असा मेसेज कोल्हापुरातल्या बऱ्याच ग्रुपवर फिरतोय. त्यात अर्धंच खरं आहे.

आरटीओ देतं ते परमिट चालवणाऱ्याचं. त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. गाडीचा त्याच्याशी काही संबंध नाही. गाडीसाठी लागतं ते कार्नेट, म्हणजे परदेशातल्या कस्टमला दिलेली हमी की ही गाडी इथं विकणार नाही, परत नेणार. त्याच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. देशात शिरताना खालचा भाग कस्टमवाले काढून घेतात, बाहेर पडताना मधला, आणि वरचा शिक्क्यांसह आपल्याकडं राहतो. बाहेर पडतानाचा शिक्का राहून गेला, की गाडी दारात उभी असली तरी ड्युटीचा तगादा लागू शकतो. एवढी मोठी गोष्ट मेसेजमध्ये नाहीच!

दुसरं, ड्युटी न भरता गाडी तात्पुरती नेण्याची ही सवलत मुळात पाहुण्यांसाठी आहे. उदाहरणार्थ, युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या रहिवाशाला खासगी गाडी साधारण सहा महिने ठेवता येते. पण कामाच्या व्हिसावर तुम्ही तिथले रहिवासी ठरलात, की हिशोब बदलतो. त्यामुळं जिथं जाणार तिथल्या कस्टमला आधी लेखी विचारा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसीही लागेल.

आणि 'नेपाळला तर सहज नेली' हा दाखला इथं चालत नाही. तिथं सीमेवर भन्सार, म्हणजे नेपाळी कस्टमचं शुल्क, भरून गाडी आत जाते.